लॉगआउट झालं तरी काम चालू राहावं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, वाशिम, गडचिरोली, मेळघाट अशा भागांत बसून दूरच्या लिनक्स सर्व्हरवर काम करणारे बरेच जण आहेत. कुणी कृषी पदवीचा प्रकल्प करतं, कुणी उपग्रहाच्या चित्रांवरून कपाशीचा पेरा मोजतं, कुणी शेतकरी कंपनीची वेबसाइट सांभाळतं. संध्याकाळी सहा-सात तासांचं काम लावायचं आणि सकाळी ते पूर्ण झालेलं सापडावं, एवढीच त्यांची मागणी असते. ती पुरवणं अवघड नाही. पण काम नेमकं कशानं मरतं हे कळलं नाही तर उपाय चुकीच्या जागी लागतो, म्हणून सुरुवातीच्या उत्तरांना जरा जास्त जागा दिली आहे.

इथे सगळ्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये टाकताना त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाका. जिथे मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे.

घरची लाईन गेली, वायफाय बंद पडलं आणि सर्व्हरवरचं काम मेलं. सर्व्हर तर मुंबईत आहे, तिथली वीज गेली नव्हती. मग तो का थांबला?

सर्व्हर थांबत नाही. फक्त तुमचं काम थांबतं, आणि ते सर्व्हरनंच ठरल्याप्रमाणे थांबवलेलं असतं.

तुम्ही एसएसएच या दूरच्या मशीनवर शिरायच्या साधनानं आत शिरलात की सर्व्हर तुमच्यासाठी एक आभासी टर्मिनल उघडतो. त्यात बॅश हा शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, सुरू होतो आणि तुम्ही टाकलेली प्रत्येक कमांड त्या शेलचं अपत्य म्हणून चालते. जोडणी तुटल्याचं लक्षात आलं की हे टर्मिनल बंद होतं. टर्मिनल बंद होताच कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्या शेलला क्रमांक १ चा सिग्नल पाठवतं. त्याचं नाव सिगहप. टर्मिनल फोनलाईन आणि मोडेमवरून जोडलेले असत त्या काळात, पलीकडच्यानं फोन ठेवला तर मागे उरलेले प्रोग्रॅम साफ व्हावेत म्हणून तो ठेवला होता. शेल जाता जाता तोच सिग्नल आपल्या सगळ्या कामांना देतो. सिगहप आला तर काय करायचं हे ज्या प्रोग्रॅमनं आधी ठरवलेलं नसतं तो तिथेच संपतो. आपण लिहितो त्या बहुतेक पायथन आणि आर स्क्रिप्टनी असं काही ठरवलेलं नसतं.

म्हणजे राळेगावात लाईन गेली आणि मुंबईतलं काम मेलं, यात मुंबईत काहीच बिघडलेलं नसतं. पुढे येणारा प्रत्येक उपाय एकच गोष्ट करतो : कामाचा तुमच्या टर्मिनलशी असलेला संबंध आधीच सोडवून ठेवतो. लाईन आपल्या हातात नाही, हा संबंध आहे.

लाईन जाऊन लगेच आली तेव्हा काम चालू दिसलं. पण जेवून आलो तर मेलेलं. असं कसं?

वीज जाते तेव्हा तुमचा राउटर सर्व्हरला काही कळवून बंद पडत नाही, त्यामुळे सर्व्हरला जोडणी शाबूतच वाटते. तुमचं काम पडद्यावर काही लिहीत असेल तर तो मजकूर पोचत नाही. सर्व्हर तो पुन्हा पुन्हा पाठवून पाहतो आणि लिनक्सच्या मूळ मांडणीत साधारण १५ मिनिटांनी नाद सोडतो. काम गुपचूप चाललं असेल तर टीसीपीकडून, म्हणजे जोडणी सांभाळणाऱ्या नियमसंचाकडून, समोरचा जिवंत आहे का ही चौकशीच मुळात २ तासांनी सुरू होते. सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी एसएसएचच्या मांडणीत ही मुदत कमी केलेली असू शकते. म्हणून कधी काम दहा मिनिटं टिकतं, कधी दोन तास, आणि लोकांना वाटतं की हा नशिबाचा भाग आहे. तो तसा नाही.

याच अवधीत आणखी एक गोष्ट घडते. पडद्यावर भरभर लिहिणाऱ्या प्रोग्रॅमचा मजकूर पुढे सरकत नसल्यामुळे तो लिहिता लिहिता अडकून बसतो. मेलेला नसतो, पण पुढेही जात नाही. टीमक्समध्ये (हे साधन पुढे येतंच) चालवलेल्या कामाला हा त्रास होत नाही.

मी शेवटी अँपरसँड (&) लावून काम मागे टाकलं, 'एक्झिट' टाकून बाहेर पडलो आणि ते चालूच राहिलं. मग या सगळ्याची गरजच काय?

कारण तुम्ही दारानं बाहेर पडलात. 'एक्झिट' टाकल्यावर बॅश आपल्या मागच्या कामांना सिगहप पाठवत नाही. हपऑनएक्झिट नावाचा पर्याय चालू असेल तरच पाठवतो, आणि तो मुळात बंद असतो. जोडणी तुटली तर मात्र बॅशला स्वतःलाच सिगहप मिळतो आणि तेव्हा तो सगळ्यांना वाटतो. झेडशेल हा दुसरा शेल वापरत असाल तर तिथे उलटं आहे : साध्या 'एक्झिट'वरही तो चालू कामांना सिगहप देतो, फक्त आधी एकदा बजावतो.

कॉलेजच्या लॅबमध्ये शांतपणे 'एक्झिट' टाकून जे टिकलं ते गावातून टिकत नाही, याचं कारण हेच. गावात आपण बाहेर पडत नाही, बाहेर फेकले जातो.

सगळ्यात भरवशाचा आणि सोपा उपाय कोणता?

टीमक्स. अक्षरं टी-एम-यू-एक्स. नवख्याला मी दुसरं काही शिकवण्याआधी हेच शिकवतो. हा प्रोग्रॅम निकोलस मॅरियट यांनी २००७ साली लिहायला घेतला आणि आज जवळपास प्रत्येक लिनक्सवर मिळतो. उबंटू किंवा डेबियनवर नसेल तर (सुडो म्हणजे रूटच्या, मुख्य प्रशासकाच्या, अधिकारानं चालवणं) :

सुडो एपीटी इन्स्टॉल टीमक्स

टीमक्स सर्व्हरवर स्वतःची आभासी टर्मिनलं उघडून सांभाळतो. तुमचं काम त्यांच्यात चालतं आणि तुमचा एसएसएच फक्त ते पाहण्याची खिडकी होतो. खिडकी बंद झाली तरी आतलं टर्मिनल बंद होत नाही, म्हणून सिगहपही येत नाही.

सर्व्हरवर शिरल्याबरोबर, काम सुरू करण्याआधी :

टीमक्स न्यू -एस पाऊस

'पाऊस' हे सत्राचं नाव, तुम्हाला हवं ते ठेवा. आता आत तुमची स्क्रिप्ट नेहमीसारखी चालवा, अँपरसँड वगैरे काही नको. निघताना कंट्रोल आणि बी एकत्र दाबून सोडा, मग डी दाबा. तुम्ही बाहेर, काम आत. परत आल्यावर :

टीमक्स अटॅच -टी पाऊस

नाव विसरलात तर 'टीमक्स एलएस' चालू सत्रांची यादी दाखवतं. वर सरकून जुनं पाहायचं असेल तर कंट्रोल-बी आणि मग चौकटी कंस, परतायला क्यू. मुळात २००० ओळीच जपल्या जातात, तेव्हा महत्त्वाचं सगळं लॉग फाइलमध्येही लिहा.

लाईन जाऊन आल्यावर 'अटॅच'ला -डी जोडण्याची सवय लावा. तुमची जुनी, अर्धमेली जोडणी सर्व्हरच्या लेखी अजून जिवंत असते. दोन्ही एकदम जोडलेल्या राहिल्या तर पडद्याचा आकार विचित्र होतो. -डी त्या जुनीला सोडवून टाकतो.

आणि बाहेर पडायचं तर कंट्रोल-बी, डी. आत 'एक्झिट' टाकलंत तर ते टर्मिनलच संपतं. सुरुवातीला हे पुष्कळांकडून होतं.

आमच्या सर्व्हरवर स्क्रीन आहे, टीमक्स नाही. चालेल?

चालेल. ग्नू स्क्रीन १९८७ पासून आहे आणि तत्त्व तेच. 'स्क्रीन -एस पाऊस' नं सुरू करा (यातला एस मोठा), कंट्रोल-ए आणि डी नं बाहेर या, 'स्क्रीन -आर पाऊस' नं परत जा. जुनी जोडणी अडकली असेल तर 'स्क्रीन -डी -आर पाऊस'. रेड हॅटनं आपल्या आठव्या आवृत्तीपासून स्क्रीन मूळ संचातून काढलं, तेव्हा नव्यानं शिकणाऱ्यानं टीमक्सच शिकावं.

नोहप केव्हा पुरतो?

काम एकच आहे, त्याला मध्ये काही विचारायचं नाही आणि निकाल फाइलमध्येच जाणार आहे, तेव्हा. अक्षरं एन-ओ-एच-यू-पी. पुण्याच्या भारतीय हवामान विभागाचा १९०१ पासूनचा, ०.२५ अंशांच्या चौकटींतला रोजच्या पावसाचा संच घेऊन तालुकावार सरासरी काढायची आहे, असं समजा :

नोहप पायथन३ पाऊस.पीवाय > पाऊस.लॉग २>&१ < /डेव्ह/नल &

नोहप फक्त सिगहपकडे दुर्लक्ष करायला लावतो. बाकीचं तुम्हाला करायचं असतं : पहिलं चिन्ह निकाल फाइलकडे वळवतं, दुसरं चुकांचे संदेशही तिकडेच पाठवतं, तिसरं प्रोग्रॅमला कीबोर्डकडून काही मागू देत नाही, आणि अँपरसँड त्याला मागे टाकतं. निकाल कुठे जावा हे सांगितलं नाही तर तो चालू फोल्डरमधल्या नोहप.आउट या फाइलमध्ये साठत जातो. प्रत्येक वेळी त्याच फाइलला पुढे जोडला जातो, त्यामुळे तीन वेगळ्या दिवसांचे निकाल एकात एक मिसळलेले सापडतात. नाव द्याच.

काम कुठवर आलं ते 'टेल -एफ पाऊस.लॉग' दाखवतं. कंट्रोल-सी दाबून त्यातून बाहेर या, त्यानं फक्त टेल थांबतं.

लॉग फाइल तासभर रिकामीच आहे. काम चालू आहे की नाही?

बहुतेक चालू आहे. निकाल टर्मिनलवर जात असेल तर पायथन ओळीओळीनं लिहितं, फाइलकडे वळवला की काही हजार अक्षरं साठवून मग एकदम लिहितं. 'पायथन३ -यू' असं चालवा म्हणजे लगेच लिहिलं जाईल. इतर पुष्कळ प्रोग्रॅमसाठी आधी 'एसटीडीबफ -ओएल' (यातला एल मोठा) जोडता येतं. चालू असल्याची खात्री 'टॉप' मध्ये प्रोसेसरचा वापर पाहून करा.

काम आधीच सुरू केलंय, टीमक्सही नाही न नोहपही नाही. आणि मला आता शेवटची एसटी पकडायची आहे.

कंट्रोल-झेड दाबा, काम थबकेल. मग 'बीजी', म्हणजे ते मागे चालू लागेल. मग :

डिसओन -एच %१

बॅश आता या कामाला सिगहप पाठवणार नाही. आकडा 'जॉब्स' मध्ये दिसतो तो टाका. यानंतर 'एक्झिट' टाकून बाहेर पडा.

यात एक उणीव राहते. कामाचा पडद्यावर लिहिण्याचा रस्ता अजून त्याच टर्मिनलकडे जातो. टर्मिनल गेल्यावर लिहायला गेलं की चूक परत येते, आणि ती न सांभाळणारा प्रोग्रॅम तिथेच पडतो. निकाल आधीच फाइलमध्ये जात असेल तर हा उपाय पक्का, पडद्यावर जात असेल तर अर्धामुर्धा. ते आठ तासांचं काम असेल आणि सुरू होऊन दहाच मिनिटं झाली असतील, तर माझं स्पष्ट मत : बंद करा, टीमक्स उघडा, पुन्हा लावा. एसटी चुकणार नाही.

चार तास उलटले असतील तर रेप्टायर हे साधन पाहा. अक्षरं आर-ई-पी-टी-वाय-आर. टीमक्स उघडून आत 'रेप्टायर' आणि कामाचा प्रोसेस क्रमांक दिला की चालू काम नव्या टर्मिनलमध्ये ओढलं जातं. उबंटूवर कर्नलची पीट्रेस-स्कोप ही सुरक्षा मांडणी ते अडवते, रूट अधिकार असतील तर तात्पुरती सैल करता येते. पुष्कळ लहान प्रोसेस जन्माला घालणाऱ्या स्क्रिप्टवर हे नीट चालत नाही.

डिसओन टाकलं तर 'सापडत नाही' असं उत्तर येतं.

तुम्ही बहुतेक डॅश या साध्या शेलमध्ये आहात. डिसओन बॅश आणि झेडशेलमध्ये आहे, डॅशमध्ये नाही. आधी 'बॅश' टाकून, त्यात काम सुरू करायला हवं होतं, आता नोहप लावून नव्यानं सुरू करणंच बरं.

नोहपबरोबर सुडो लावलं की काम 'स्टॉप्ड' दिसतं.

सुडो पासवर्ड मागतं आणि मागच्या कामाला टर्मिनलकडून काही वाचायची परवानगी नसते, म्हणून कर्नल त्याला थबकवून ठेवतं. टीमक्समध्ये जा, तिथे सुडोसह चालवा, पासवर्ड द्या, बाहेर या.

टीमक्स वापरूनही लॉगआउट केल्यावर सगळं गेलं! आमच्या कॉलेजच्या सर्व्हरवर असं होतं, भाड्याच्या सर्व्हरवर नाही.

हा प्रश्न आला की मी आधी एकच पाहायला सांगतो : सर्व्हरवर किलयूजरप्रोसेसेस हा पर्याय चालू आहे का. लिनक्सवरच्या सेवा सुरू करून सांभाळणारा प्रोग्रॅम म्हणजे सिस्टिमडी, त्याच्या लॉगइंड या भागात तो असतो. चालू असेल तर वापरकर्ता बाहेर पडताच त्याच्या सत्रातलं सगळं मारलं जातं, आणि मग सिगहपकडे दुर्लक्ष करून काही उपयोग नसतो. २०१६ च्या मे महिन्यात सिस्टिमडीच्या २३० व्या आवृत्तीत तो मुळात चालू केला गेला. त्यावर जगभर मोठा वाद झाला, आणि डेबियन, फेडोरा यांनी आपल्याकडे तो बंदच ठेवला. पण तीस-चाळीस पोरं जिथे आळीपाळीनं बसतात अशा लॅबमध्ये मशीन साफ राहावं म्हणून तो मुद्दाम चालू केलेला असू शकतो, आणि त्यात त्यांची चूक नाही.

वाट आहे. आधी एकदाच :

लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर

याला परवानगी लागली तर लॅब सांभाळणाऱ्या सरांना किंवा मॅडमना विचारा. यानं तुम्ही आत नसतानाही तुमच्या नावाचा सिस्टिमडी चालू राहतो. पण एवढ्यानं पुरत नाही, आणि इथेच बहुतेकांचं अडतं. टीमक्सही त्या सिस्टिमडीच्या छायेत सुरू करावं लागतं, नाहीतर ते लॉगिन सत्राचाच भाग राहतं आणि मारलं जातं :

सिस्टिमडी-रन --यूजर --स्कोप टीमक्स न्यू -एस पाऊस

लॅबच्या सर्व्हरवर रात्रभर काम लावणार असाल तर आधी सांगून ठेवा. नियम मोडून मिळवलेली रात्र पुढच्या बॅचच्या परवानगीवर बेतते.

सर्व्हरच रीबूट झाला. टीमक्सचं सत्र कुठे गेलं?

गेलं. टीमक्स, स्क्रीन, नोहप यांतलं काहीही रीबूटपलीकडे टिकत नाही. कायम चालायचं असेल असं काम, म्हणजे बाजारभाव सांगणारा टेलिग्राम बॉट, शेतातल्या सेन्सरची माहिती घेणारा प्रोग्रॅम किंवा एखादी वेबसाइट, टीमक्समध्ये ठेवूच नये. त्यासाठी सिस्टिमडीची सेवा लिहावी. विहिरीवरच्या मोटरला ऑटो स्विच बसवला की थ्री फेज रात्री दोनला आली तरी मोटर आपोआप सुरू होते, शेतावर जावं लागत नाही. सेवेचं काम तेच.

/ईटीसी/सिस्टिमडी/सिस्टिम या फोल्डरमध्ये भाव.सर्व्हिस अशी फाइल करा. तिचे तीन भाग असतात. 'युनिट' मध्ये 'वाँट्स' आणि 'आफ्टर' या दोन्ही ओळींत नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट लिहा, म्हणजे इंटरनेट आल्यावरच सेवा सुरू होईल. 'सर्व्हिस' मध्ये 'एक्झेकस्टार्ट' च्या पुढे प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता, 'यूजर' च्या पुढे साध्या वापरकर्त्याचं नाव, 'वर्किंगडिरेक्टरी', 'रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर' आणि 'रीस्टार्टसेक=३०'. 'इन्स्टॉल' मध्ये 'वाँटेडबाय=मल्टी-यूजर.टार्गेट'. या नावांत प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं असतं, तेवढं जपा. टार्गेटांची नावं आणि 'ऑन-फेल्युअर' मात्र छोट्या अक्षरांतच. मग :

सुडो सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड
सुडो सिस्टिमसीटीएल एनेबल --नाऊ भाव

रीस्टार्टसेक विसरू नका, मी मुद्दाम सांगतो आहे. तो दिला नाही तर सिस्टिमडी सेकंदाच्या दहाव्या भागात पुन्हा प्रयत्न करतो, आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून पाहिल्यावर प्रयत्नच थांबवतो. नेट यायला अर्धा मिनिट उशीर झाला की तुमची सेवा पाचही संधी एका सेकंदात उडवून कायमची बंद पडते, आणि कुणालाच कारण कळत नाही. तीस सेकंदांच्या अंतरानं ती शांतपणे वाट पाहत राहते.

प्रोग्रॅम व्यवस्थित संपला तर 'ऑन-फेल्युअर' त्याला पुन्हा सुरू करत नाही. संपला तरी सुरू व्हावा असं हवं असेल तर 'ऑलवेज' लिहा. काय चाललं आहे ते 'जर्नलसीटीएल -यू भाव -एफ' दाखवतं.

रूट अधिकार नसतील तर हीच फाइल तुमच्या होममधल्या .कॉन्फिग/सिस्टिमडी/यूजर मध्ये ठेवा, टार्गेट 'डिफॉल्ट.टार्गेट' करा, प्रत्येक कमांडला --यूजर लावा आणि लिंगर चालू करा. यात 'यूजर' ची ओळ नको, आणि नेटवर्कच्या टार्गेटचा इथे उपयोग होत नाही, तेव्हा रीस्टार्टसेकवरच भिस्त ठेवा.

रोज पहाटे एकदा चालवायचं असेल तर?

ठरल्या वेळी काम चालवणारं क्रॉन पुरे. क्रॉनला तुमचे पाथ माहीत नसतात, म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता लिहा. कालचं काम अजून चालू असताना आजचं सुरू होऊ नये यासाठी आधी 'फ्लॉक -एन' लावा.

सर्व्हर वगैरे काही नाही. सगळं घरच्या लॅपटॉपवरच चालतं, आणि लाईन तर जातेच.

मग प्रश्न लॉगआउटचा नाही, विजेचा आहे, आणि वर सांगितलेल्यातलं काहीच बंद पडलेल्या मशीनवर चालणार नाही. काम तुकड्यांत चालेल असं लिहा : एक तालुका झाला की त्याचा निकाल फाइलमध्ये ठेवायचा, आणि सुरुवातीला कोणते तालुके झाले ते पाहून पुढे जायचं. वीस ओळींचं काम आहे, आणि भारनियमनाच्या गावात ते प्रत्येक लांबलचक स्क्रिप्टमध्ये असायलाच हवं.

डाउनलोडसाठी 'डब्ल्यूगेट -सी' किंवा 'आरसिंक --पार्शल' वापरा, तुटलं तिथून पुढे सुरू होतं. सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्राच्या एका चौकटीची फाइल शेकडो एमबीची असते. मोबाइलच्या नेटवर ती तीनदा पहिल्यापासून उतरवणं म्हणजे दिवसाचा डेटा संपवणं. शक्य असेल तर ती सर्व्हरवरच उतरवा, तिथेच प्रक्रिया करा आणि फक्त लहानसा निकाल घरी आणा.

लॅपटॉपचं झाकण मिटलं की मशीन झोपतं आणि काम थबकतं. /ईटीसी/सिस्टिमडी/लॉगइंड.कॉन्फ मध्ये हँडललिडस्विच ला (यातही प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं) 'इग्नोर' द्या. मे महिन्यात मात्र झाकण मिटून काम लावू नका. अकोला, चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, टिनाच्या खोलीत लॅपटॉप तापून स्वतःच बंद होतो. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. लॅपटॉपला बॅटरी असतेच, तेव्हा घरात पहिला खर्च करायचा तर या यूपीएसवर करा.

मोबाइलवर टर्मक्स हे टर्मिनलचं अ‍ॅप आहे. स्क्रीन बंद केली की काम मरतं.

'टर्मक्स-वेक-लॉक' टाका आणि फोनच्या मांडणीत टर्मक्सला बॅटरी बचतीतून वगळा. अँड्रॉइड १२ पासून अशा मागच्या प्रोसेसना सगळ्या अ‍ॅपची मिळून ३२ ची मर्यादा आली आहे, ती ओलांडली की फोन त्यांना मारतो. मोबाइल ही आत शिरायची वाट म्हणून उत्तम आहे. लांबचं काम सर्व्हरवरच्या टीमक्समध्ये ठेवा.

नेट पूर्ण जात नाही, पण टर्मिनल सारखं गोठतं.

तुमच्या मशीनवरच्या .एसएसएच/कॉन्फिग फाइलमध्ये सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ३० द्या. दर अर्ध्या मिनिटाला थोडी हालचाल राहिली की वाटेतली यंत्रं निष्क्रिय समजून जोडणी कापत नाहीत. यासोबतचा सर्व्हरअलाइव्हकाउंटमॅक्स मुळात ३ असतो, म्हणजे दीड मिनिट उत्तर आलं नाही की तुमचा एसएसएच स्वतःच सोडून देतो. दोन-तीन मिनिटं रेंज जाऊन येते अशा गावात तो १० करा.

एसएसएचच्या जागी वापरायचा मॉश याहून पुढे जातो. २०१२ साली एमआयटीत तयार झालेलं हे साधन टीसीपीऐवजी यूडीपी या नियमसंचावर चालतं. वायफायवरून मोबाइल डेटावर गेलात, पत्ता बदलला, तरी सत्र टिकतं आणि रेंज आली की पुढे सुरू. टाइप केलेलं अक्षर सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता दिसतं, त्यामुळे कमकुवत टॉवरवर काम करणं सुसह्य होतं. सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये यूडीपीचे ६०००० ते ६१००० हे पोर्ट उघडे लागतात. पण तुमचा स्वतःचा लॅपटॉप बंद पडला तर मॉशच्या त्या सत्राला पुन्हा जोडता येत नाही. म्हणून मॉशच्या आतही टीमक्स हवंच.

सर्व्हर विंडोजचा असेल तर?

रिमोट डेस्कटॉपची खिडकी फक्त बंद केली, म्हणजे डिस्कनेक्ट केलं, तर प्रोग्रॅम चालू राहतात. साइन आउट केलं तर सगळे मरतात. पक्कं हवं असेल तर टास्क शेड्युलरमध्ये काम टाका आणि वापरकर्ता लॉगिन असो वा नसो चालवण्याचा पर्याय निवडा.

विद्यापीठाच्या क्लस्टरवर टीमक्स चालेल का?

शिरता त्या लॉगिन नोडवर जड काम चालवणं तिथे नियमाबाहेर असतं, टीमक्समध्ये असो वा नसो. पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या यंत्रांवर कामांची रांग सांभाळणारं स्लर्म असतं. 'एसबॅच' नं काम रांगेत लावा आणि लॉगआउट करा. रांगेतलं काम तुमच्या टर्मिनलशी बांधलेलं नसतंच.

मी गडचिरोलीत, ताई नागपुरात. आम्ही दोघी एकच टर्मिनल पाहू शकतो का?

हो. सर्व्हरवर दोघींनी एकाच खात्यातून शिरून 'टीमक्स अटॅच -टी पाऊस' टाका, यावेळी -डी नको. एकीनं टाइप केलेलं दुसरीला दिसतं. शिकवण्यासाठी याच्याइतकं चांगलं साधन मला दुसरं माहीत नाही, आणि व्हिडिओ कॉलच्या मानानं डेटा नगण्य लागतो.

परत लॉगिन केल्यावर 'जॉब्स' काहीच दाखवत नाही. काम गेलं का?

'जॉब्स' फक्त त्याच शेलनं सुरू केलेली कामं दाखवतं आणि तुमचा हा शेल नवा आहे. 'पीग्रेप -एएफ पाऊस' टाका, अक्षरं पी-जी-आर-ई-पी, क्रमांकासह सापडेल. थांबवायचं असेल तर 'किल' आणि तो क्रमांक. यानं १५ क्रमांकाचा सिग्नल जातो आणि प्रोग्रॅमला फाइली नीट बंद करायची संधी मिळते. 'किल -९' ती संधी देत नाही, अर्धवट लिहिलेली फाइल मागे राहू शकते. आधी साधं किल, मिनिटभर थांबा, मग गरज पडली तरच ९.

टीमक्स जिवंत आहे, सर्व्हर रीबूट झाला नाही, आणि काम मात्र मध्येच 'किल्ड' एवढाच शब्द लिहून संपलं.

मेमरी संपली असणार. स्वस्तातल्या भाड्याच्या सर्व्हरवर १ जीबी मेमरी असते, आणि मोठी उपग्रह चित्रं एकदम उघडली की कर्नल सगळ्यात जास्त मेमरी खाणाऱ्याला मारतं. 'सुडो डीमेसग' च्या शेवटच्या ओळींत 'आउट ऑफ मेमरी' दिसेल. दोन जीबीची स्वॅप फाइल, म्हणजे मेमरीसारखी वापरली जाणारी डिस्कवरची जागा, करा आणि चित्र तुकड्यातुकड्यानं वाचा. डीमेसगमध्ये असं काही दिसलं नाही, तर सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी वेळेची किंवा मेमरीची मर्यादा घातली आहे का ते 'यूलिमिट -ए' टाकून पाहा आणि त्यांनाच विचारा.